हिमालयातील पदभ्रमण : विरळ हवेचे नियम आणि वेळेवर उतरण्याचे शहाणपण

आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी एकत्र जमले, की पूर्वी नोकरी, घरबांधणी आणि मुलांची शिक्षणे हेच विषय निघत. अलीकडे त्यांत एका विषयाची भर पडली आहे. ‘यंदा हिमालयात जायचे का?’ हा प्रश्न आता कोणीतरी हमखास विचारतो. शाळेच्या सहलीत कार्ले, अजिंठा आणि वेरूळ येथील लेण्यांच्या पायऱ्या चढलेली पावले आज पाच हजार मीटर उंचीची स्वप्ने पाहू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. ज्या घरांतील मागच्या पिढीला सुट्टी म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते, त्या घरांतील मुले-मुली आज पाठीवर पिशवी टाकून केवळ पाहण्यासाठी आणि चालण्यासाठी डोंगरात जातात.

मात्र या उत्साहाबरोबर काही गैरसमजही पसरले आहेत. ‘गाइड सोबत आहे, मग काळजी कसली?’ हा त्यांतील पहिला आणि ‘मी रोज पळतो, मला काही होणार नाही’ हा दुसरा. हे दोन्ही समज मनात घेऊन मी स्वतः चार वर्गमित्रांसह नेपाळमधील एव्हरेस्ट तळछावणीच्या वाटेवर गेलो होतो. माझे चारही मित्र तळछावणीस पोहोचले. मी पोहोचलो नाही. तरीही ती सहल वाया गेली असे मला वाटत नाही. मी का परतलो आणि तो निर्णय कसा घेतला गेला, हे आजी-माजी विद्यार्थ्यांना व पालकांना समजावून सांगावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

वाट कशी आहे?

एव्हरेस्ट तळछावणीची वाट नेपाळच्या सोलुखुंबू जिल्ह्यातील खुंबू भागातून जाते. हा प्रदेश १९७६ साली स्थापन झालेल्या सगरमाथा राष्ट्रीय उद्यानात येतो आणि १९७९ पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे. लहान विमानाने लुक्ला येथे उतरल्यावर पुढे मोटाररस्ता नाही. लुक्लाची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांबीची असून डोंगराच्या उतारावर बांधलेली आहे. हवा बिघडली की विमाने थांबतात, म्हणून परतीच्या प्रवासात दोन-तीन दिवस हाताशी ठेवावेच लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे हे या वाटेचे हंगाम होत.

ही वाट गिर्यारोहणाची नव्हे. दोर, कुऱ्हाड किंवा बर्फात चालण्याचे विशेष कौशल्य येथे लागत नाही. दररोज पाच ते सात तास चालावयाचे, झुलत्या पुलांवरून दूधकोशी नदी ओलांडावयाची आणि रात्री गावातील लॉजमध्ये मुक्काम करावयाचा, असा दिनक्रम असतो. भात, डाळ आणि भाजी सर्वत्र मिळते. वाट गावांतून जात असल्यामुळे शाळेत निघालेली मुले, बटाट्याची शेते आणि ओझी वाहणारे झोपक्यो म्हणजे याक व गाय यांच्या संकरातून झालेली जनावरे सोबतीला असतात. वाटेच्या मधोमध मंत्र कोरलेल्या शिळांच्या भिंती लागतात. त्या आपल्या उजव्या हाताला ठेवून, म्हणजे प्रदक्षिणेच्या दिशेने, पुढे जाण्याची तेथील रीत आहे.

वाट चालण्यास सोपी आहे, आणि धोक्याचे मूळही तेथेच आहे. पायांना ती जमते, म्हणून माणूस भराभर वर जातो. अडचण पायांची नसते; ती हवेची असते.

हवा विरळ होते म्हणजे काय होते?

महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. लुक्ला सुमारे २,८५० मीटरांवर, तर एव्हरेस्टची तळछावणी ५,३६४ मीटरांवर आहे. म्हणजे आपल्या राज्यातील सर्वांत उंच जागेवर उभे राहून जो अनुभव येतो, त्याहून कितीतरी वर ही सहल सुरू होते.

उंचीवर हवेतील प्राणवायूचे प्रमाण कमी होते, असे आपण सहज बोलतो. प्रत्यक्षात ते प्रमाण मुंबईत आणि एव्हरेस्टवर सारखेच, सुमारे २१ टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब. दाब कमी झाल्यामुळे प्रत्येक श्वासागणिक आत येणारा प्राणवायू घटतो. नामचे बाजार या ३,४४० मीटर उंचीवरील गावी तो समुद्रसपाटीच्या सुमारे दोनतृतीयांश असतो. तळछावणीपाशी जवळपास निम्मा.

आपले शरीर ही उणीव भरून काढू शकते. परंतु त्याला अवधी लागतो. प्रथम श्वास जलद होतो. त्यामुळे कर्बवायू अधिक प्रमाणात बाहेर जातो आणि रक्ताचे रासायनिक संतुलन बदलते. ते सावरण्याचे काम मूत्रपिंडे काही दिवसांत करतात. रक्तातील तांबड्या पेशी वाढण्यास तर आठवडे लागतात. या जुळवणीचा वेग पैशाने, हौसेने किंवा व्यायामाने वाढत नाही. रोज पळणारा तरुण आणि पन्नाशीचे शिक्षक यांत कोणाला आधी त्रास होईल, हे अगोदर सांगता येत नाही. किंबहुना धडधाकट माणूस वेगाने चढतो आणि म्हणूनच अनेकदा तोच आधी आजारी पडतो.

वेळापत्रकाचे गणित

उंचीवरील वैद्यकशास्त्राने यासाठी एक साधा नियम घालून दिला आहे. ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात सुमारे ५०० मीटरांपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. दिवसा किती वर गेलो यापेक्षा रात्री कोठे झोपलो, हे येथे महत्त्वाचे असते.

हा नियम समजला, की सहलीचे वेळापत्रक वाचता येऊ लागते. लुक्लाहून पहिल्या दिवशी फाकदिंग या २,६१० मीटरांवरील गावी उतरतात आणि दुसऱ्या दिवशी नामचेला चढतात. तिसरा दिवस नामचेतच असतो. परंतु त्या दिवशी लोळत पडायचे नसते. वर खुमजुंग गावापर्यंत जाऊन पुन्हा खाली झोपावयास यायचे असते. याच खुमजुंगमध्ये एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने १९६१ साली शाळा उभी राहिली. १९५३ साली तेनझिंग नोर्गे यांच्यासह एव्हरेस्टवर पाऊल ठेवणाऱ्या या माणसाकडे शेर्पांनी मागितली ती शाळा. शिक्षणानेच आपले आयुष्य घडले, हे जाणणाऱ्या आपल्यासारख्यांची पावले त्या अंगणात थोडी थबकतात.

चौथ्या दिवशी तेंगबोचे येते. ३,८६७ मीटरांवरील तेथील विहार १९१६ साली स्थापन झाला. १९३४ च्या भूकंपात तो कोसळला, पुन्हा बांधला गेला, १९८९ मध्ये आगीत भस्मसात झाला आणि पुन्हा उभा राहिला. सायंकाळच्या पाठाच्या वेळी तेथे शांतपणे मागे बसता येते. पाचव्या दिवशी दिंगबोचे हे ४,४१० मीटरांवरील गाव गाठून सहाव्या दिवशी तेथेच थांबतात. त्यानंतर लोबुचे, ४,९४० मीटर. आणि मग गोरकशेप, ५,१६४ मीटर. तेथून तळछावणी पाहून त्याच दिवशी परत गोरकशेपला यावयाचे असते. दुसऱ्या दिवशी पहाटे कालापत्थरच्या माथ्यावरून एव्हरेस्टचे दर्शन घेऊन झपाट्याने खाली उतरतात.

नामचे आणि दिंगबोचे येथील हे दोन जादा दिवस म्हणजे सहल कंपनीने खर्च वाढविण्यासाठी घातलेली भर, असे कित्येकांना वाटते. वस्तुतः सगळी सहल त्या दोन दिवसांवर उभी असते. स्वस्तात आणि कमी दिवसांत तळछावणी दाखविण्याचे आश्वासन मिळाले, तर कोणते दिवस गाळले आहेत हे प्रथम पाहावे.

आजार कसा ओळखावा?

उंचीवर गेल्यानंतर डोके दुखणे आणि त्याच्या जोडीला मळमळ, अन्नावरची वासना उडणे, गळून जाणे किंवा गरगरणे यांपैकी काही असणे, ही उंचीच्या आजाराची पहिली पायरी होय. तेथे दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच आजार मानावा. या पायरीवर उपाय एकच : आणखी वर जाऊन झोपावयाचे नाही. त्याच ठिकाणी थांबावे, पाणी प्यावे आणि विश्रांती घ्यावी. बरे वाटले तर पुढे जावे. वाढले तर खाली उतरावे.

त्यापुढच्या दोन अवस्था प्राणघातक आहेत. मेंदूला सूज आली, की माणूस झिंगल्यासारखा चालतो, असंबद्ध बोलतो आणि विलक्षण सुस्त होतो. फुप्फुसांत पाणी साचले, की बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो आणि पुढे गुलाबीसर फेस पडू लागतो. या दोन्ही अवस्थांत सकाळची वाट पाहू नये. रात्र असली तरी रोग्याला सोबत देऊन तत्काळ खाली न्यावे. प्राणवायू आणि औषधे वेळ मिळवून देतात. प्राण वाचवितो तो उतार.

या वाटेवरील फेरिचे गावी हिमालयन रेस्क्यू असोसिएशन या १९७३ साली स्थापन झालेल्या संस्थेचे उपचार केंद्र आहे. हंगामात तेथील डॉक्टर प्रवाशांना दुपारी या आजाराविषयी समजावून सांगतात. वाट वाकडी करून ते अवश्य ऐकावे.

दिंगबोचेची सकाळ

हे सर्व मला पुस्तकातून माहीत होते, तरीही मी लपवाछपवी केली. दिंगबोचेला पोहोचलो त्या सायंकाळीच माझे डोके ठणकू लागले होते. रात्री उलटी झाली. शेजारी झोपलेल्या मित्राला मी पाणी पिण्यास उठलो असे सांगितले. दोन वर्षे रजा साठविली होती, पैसे जमविले होते, घरी मुलांना तळछावणीचे छायाचित्र दाखविण्याचे कबूल केले होते. शिवाय पाचजणांत आपण मागे पडलो, हे कोणाला ऐकून घ्यावेसे वाटते?

विश्रांतीचा दिवस मी ‘झोप अपुरी झाली’ असे सांगून खोलीतच काढला. तिसऱ्या सकाळी, लोबुचेला निघण्याच्या वेळी, आमचे वाटाडे दाइ माझ्या समोर येऊन बसले. दाइ म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ. ते हिंदीत एवढेच म्हणाले, “सर, दोन दिवस झाले, तुम्ही ताटातला भात नुसता ढवळता आहात.” मग त्यांनी मला अंगणात नेले आणि एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावीत सरळ रेषेत चालावयास सांगितले. आपण सरळच चाललो, असे मला वाटले. मित्रांचे चेहरे पाहिल्यावर कळले, की दोनदा पाऊल बाहेर पडले होते.

त्यानंतर चर्चा झाली नाही. मी “अजून एक दिवस पाहू” म्हणालो, तेव्हा दाइ शांतपणे म्हणाले, “वर कोणी जायचे हे तुम्ही ठरवा, सर. खाली कोणी जायचे, ते मी ठरवतो.” दहा मिनिटांत सहाय्यक वाटाड्याने माझी पिशवी आपल्या खांद्यावर घेतली आणि आम्ही उतरू लागलो. तेंगबोचेच्या अलीकडे, चार हजार मीटरांच्या खाली असलेल्या पांगबोचे गावी दुपारी पोहोचलो. सायंकाळी डोके हलके झाले आणि दोन दिवसांनंतर प्रथमच मी वाटीभर डाळभात खाल्ला.

त्या रात्री मला आपले वसतिगृह आठवले. क्रीडास्पर्धेच्या आदल्या दिवशी ताप लपविणारी मुले आपल्यात दरवर्षी असत. सायंकाळच्या वंदनेनंतर गृहपाल गुरुजी रांगेतून फिरत आणि काही न बोलता एकेकाच्या कपाळाला हात लावीत. तेव्हा त्या हाताचा राग येई. तो हात नसता, तर आपल्यापैकी कितीजण आज ही स्मरणिका वाचावयास असते, हा प्रश्न मला पांगबोचेच्या थंडीत पडला. चांगला वाटाड्या नेमके हेच काम करतो. वाट दाखविणे हा त्याच्या कामाचा लहान भाग आहे. वाट तर मळलेली आणि स्पष्ट असते. कोण जेवले नाही, कोण गप्प झाला, कोणाचे पाऊल अडखळते, हे पाहणे हे त्याचे खरे काम होय. आणि आपण खोटे बोललो, तर जगातील उत्तम वाटाड्याही हतबल होतो.

ओझे वाहणारा माणूस

आपल्या समाजातील वाचकांपुढे आणखी एक गोष्ट मांडणे मला आवश्यक वाटते. सहलीतील आपले सामान भरिया, म्हणजे हमाल, वाहून नेतो. कपाळावरून घेतलेल्या पट्ट्याच्या आधारे तो टोपली पाठीवर तोलतो. सगळे भरिया शेर्पा नसतात. त्यांतील पुष्कळजण खालच्या खोऱ्यांतील राई, तामांग, मगर अशा समाजांतून आलेले, शेतीची कामे आटोपून हंगामापुरते वर येणारे असतात. पिढ्यान्‌पिढ्या उंचीवर राहिल्याने शेर्पांच्या शरीरात जी अनुकूलता आली आहे, ती त्यांच्यात नसते. विरळ हवा त्यांनाही आपल्याइतकीच बाधते, आणि त्यांच्या पाठीवर ओझे असते. आजारी पडलो असे सांगितले, तर मजुरी बुडेल, या भीतीने तेही डोकेदुखी लपवितात. एका तरुण भरियाच्या अशाच मृत्यूनंतर १९९७ साली भरियांच्या संरक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय गट स्थापन झाला.

पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचे ओझे वाहिलेल्यांची मुले आज पैसे मोजून आपले ओझे दुसऱ्याच्या पाठीवर देतात. यात अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. तो त्यांचा रोजगार आहे. परंतु डोळेझाक करण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही. भरियाच्या ओझ्याची मर्यादा ३० किलो मानली जाते. दोन प्रवाशांमागे एक भरिया असेल, तर आपली पिशवी किती भरावयाची हे त्यावरून ठरवावे. त्याच्याकडे उबदार कपडे आणि बूट आहेत का, त्याचा विमा आहे का, तो रात्री कोठे झोपतो, आजारी पडला तर त्याला एकट्याला खाली धाडले जाणार नाही ना, हे प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावेत. त्याचे नाव पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे आणि त्याच नावाने त्याला हाक मारावी.

निघण्यापूर्वी

प्रत्येकाने वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. हृदयविकार, दमा, रक्तदाब आणि गर्भारपण यांत डॉक्टरांचा सल्ला अनिवार्य आहे. आपल्यापैकी अनेक कुटुंबे विदर्भातील आहेत आणि तेथे सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेलच्या रुग्णाला अशी उंची घातक ठरू शकते. जे केवळ वाहक आहेत, ज्यांना एरवी कसलाच त्रास नसतो, त्यांच्याही प्लीहेला उंचीवर क्वचित इजा झाल्याचे आढळले आहे. म्हणून ही एक रक्ततपासणी केल्याखेरीज कोणीही तिकीट काढू नये. उंचीच्या आजाराचा प्रतिबंध करणारी ॲसिटाझोलामाइड ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. मात्र ती जुळवणीस साहाय्य करते, विश्रांतीच्या दिवसाची जागा घेत नाही. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते आधी सांगावे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य कराव्यात. विमा घेताना तो वाटेवरील सर्वाधिक उंचीपर्यंतच्या पदभ्रमणाला आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याच्या खर्चाला लागू आहे का, हे वाचून पाहावे.

पालकांना एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी अशा सहलीस निघाली, की आपण ‘किती उंच जाणार?’ असे विचारतो. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत : विश्रांतीचे दिवस किती आहेत? एखाद्याला खाली यावे लागले, तर त्याच्यासोबत कोण येणार? आणि अशा मुलासाठी पुरेसे मनुष्यबळ सोबत आहे का? उत्तरे समाधानकारक असतील, तर आनंदाने पाठवावे. आणि निघताना मुलाला इतकेच सांगावे, की तू अर्ध्यातून परत आलास, तरी या घरात तुला कोणी हसणार नाही. मी त्या रात्री खोटे बोललो, ते डोंगराच्या भीतीने नव्हे. परतल्यावर लोक काय म्हणतील, या भीतीने.

माझे मित्र पाचव्या दिवशी पांगबोचेला परत आले. त्यांनी तळछावणीचे छायाचित्र दाखविले. मी त्यांना शाळेत निघालेल्या तेथील मुलांच्या गोष्टी सांगितल्या. खाली उतरताना आम्ही पाचहीजण दाइंच्या मागे एका रांगेत चाललो. सर्वांत पुढे त्यांनी मला ठेवले होते. ज्याचा वेग सर्वांत कमी, त्याने पुढे चालावे आणि इतरांनी त्याच्या वेगाने यावे, अशी त्यांची पद्धत होती. आपल्या शाळेची प्रभातफेरीही अशीच निघत असे. सर्वांत लहान वर्ग पुढे, मोठी मुले मागे. आपण ते शिकूनच मोठे झालो आहोत. डोंगरात जाताना तेवढे विसरू नये.